देहकला आणि प्रभावाचा प्रश्न : रुम्माना हुसेन व त्यानंतरची पिढी

प्रस्तावना :

सडक अर्जुनीसारख्या धानपट्ट्यातील गावांना कलावंताच्या देहाने मर्यादा ओलांडणे नवे नाही. दिवाळीनंतरच्या मंडईच्या दिवसांत झाडीपट्टीची दंडार उभी राहते. तिच्यात पुरुष लुगडे नेसून, पायांत घुंगरू बांधून स्त्रीची भूमिका वठवतो आणि गाव ती भूमिका मान्य करते. मात्र या उल्लंघनाला परंपरेची संमती असते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उदयास आलेल्या देहकलेला अशी संमती नव्हती. या कलेत कलावंत कोणतीही भूमिका न घेता स्वतःच्या शरीरालाच साहित्य आणि विषय बनवतो. कृती संपताच कलाकृतीही संपते. मग जी कलाकृती उरतच नाही, तिचा पुढील पिढीवर प्रभाव कसा पडतो? प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा विचार मुंबई व गोव्यातील उदाहरणांच्या आधारे करण्यात आला आहे.

पाश्चात्त्य पार्श्वभूमी :

1960 च्या दशकात व्हिएन्नातील कलावंतांनी रक्त, मांस व नग्न देह यांचा वापर करून सभ्यतेच्या कल्पनांना हादरा दिला. 1971 मध्ये अमेरिकेत ख्रिस बर्डन यांनी सहकाऱ्याकडून स्वतःच्या दंडावर गोळी झाडून घेतली. 1974 मध्ये मरिना अब्रामोविच नेपल्स येथे सहा तास निश्चल उभ्या राहिल्या. टेबलावर मांडलेल्या 72 वस्तूंचा आपल्यावर हवा तसा वापर करण्याची मुभा त्यांनी प्रेक्षकांना दिली. त्या वस्तूंत गुलाब होता, तसेच पिस्तूलही होते. या कृतींचा हेतू केवळ धक्का देण्याचा नव्हता. पाहणाराही घटनेस जबाबदार असतो, हे त्यांनी दाखवून दिले.

मुंबईतील प्रारंभ :

भारतात या कलेचा पाया घालणाऱ्यांत रुम्माना हुसेन (1952-1999) यांचे स्थान महत्त्वाचे आहे. त्या मूळच्या चित्रकार. 6 डिसेंबर 1992 रोजी बाबरी मशीद पाडण्यात आली आणि त्यानंतर मुंबईत दंगली उसळल्या. या घटनांनंतर त्यांनी चित्रचौकट सोडून मातीची फुटकी भांडी, गेरू, आरसे अशा साहित्याकडे आणि पुढे स्वतःच्या देहाकडे मोर्चा वळवला. 1995 मध्ये मुंबईच्या नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स (एनसीपीए) येथे त्यांनी 'लिव्हिंग ऑन द मार्जिन्स' ही कृती सादर केली. पायांत घुंगरू, हातात मधोमध चिरलेली पपई आणि किंकाळीसाठी उघडलेले, परंतु आवाज नसलेले तोंड, अशा अवस्थेत त्या प्रेक्षकांसमोरून चालत राहिल्या. स्त्री आणि मुस्लिम या दोन्ही नात्यांनी वाट्याला आलेली असुरक्षितता त्यांनी शब्दांवाचून मांडली. 1998 च्या 'इज इट व्हॉट यू थिंक?' या कृतीत त्यांनी कर्करोगाच्या शस्त्रक्रियेने बदललेले आपले शरीर प्रेक्षकांसमोर आणले आणि मुस्लिम स्त्रीविषयीच्या ठोकळेबाज समजुतींना प्रश्नांच्या रूपाने आव्हान दिले.

पुढील पिढी :

हुसेन यांच्यानंतरच्या कलावंतांनी त्यांच्या कृतींची नक्कल केली नाही. 2002 ते 2004 या काळात शिल्पा गुप्ता यांनी 'ब्लेम' या कामात कृत्रिम रक्ताच्या बाटल्या मुंबईच्या लोकल गाड्यांतील प्रवाशांपर्यंत नेल्या. जे जन्माने मिळते त्यासाठी माणसाला दोषी धरण्याच्या वृत्तीवर त्यांचे बोट होते. तेजल शाह यांनी 2006 च्या छायाचित्रमालिकेत तृतीयपंथीय व्यक्तींना त्यांच्या स्वतःच्या इच्छेतील रूपे साकारण्याची संधी दिली. निखिल चोप्रा यांनी आपल्या चित्रकार आजोबांवरून 'योगराज चित्रकार' हे पात्र घडवले. वेशांतर, क्षौर, चित्र काढणे, खाणे, झोपणे अशा साध्या क्रियांतून ते दिवसचे दिवस प्रेक्षकांसमोर जगत राहिले. 2019 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात त्यांचे सादरीकरण नऊ दिवस चालले. 2014 मध्ये गोव्यात सहकाऱ्यांसह त्यांनी 'एचएच आर्ट स्पेसेस' ही संस्था सुरू केली. डिसेंबर 2025 मध्ये सुरू झालेल्या कोची-मुझिरिस द्वैवार्षिकीच्या सहाव्या आवृत्तीच्या संयोजनाची धुरा त्यांच्याकडे व या संस्थेकडे सोपविण्यात आली.

हे कलावंत हुसेन यांचे शिष्य नव्हेत. प्रत्येकाचे शिक्षण व प्रेरणा वेगळ्या आहेत. म्हणून येथे 'प्रभाव' या शब्दाचा अर्थ अनुकरण असा घेता येत नाही. ज्या देहाविषयी बोलणे अशिष्ट मानले जाते, तो देह कलेचा पुरावा म्हणून मांडता येतो, ही वाट पूर्वसुरींनी मोकळी केली. त्या अर्थाने प्रभाव म्हणजे मिळालेली मुभा होय.

नोंद आणि वारसा :

ही मुभा पुढे पोहोचते ती छायाचित्रे, चित्रफिती व समीक्षालेख यांच्या द्वारे. 2005 मध्ये अब्रामोविच यांनी न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात सात रात्री 'सेव्हन ईझी पीसेस' सादर केले आणि त्यात इतर कलावंतांच्या गाजलेल्या कृती पुन्हा करून दाखवल्या. मूळ कृतींची नोंद उरली होती म्हणूनच हे शक्य झाले. दंडारीचा वारसा याउलट देहाकडून देहाकडे जातो. धाकटा थोरल्याचे पाहून ठेका आणि हावभाव उचलतो. यात कला टिकते, पण ती घडवणाऱ्याचे नाव पुष्कळदा विरून जाते. देहकलेत कृती लोपते आणि नाव उरते. लोककलेत नाव लोपते आणि कृती उरते.

निष्कर्ष :

देहकलेचा इतिहास हा धक्कादायक घटनांची जंत्री नसून एका पिढीने दुसऱ्या पिढीस दिलेल्या धैर्याचा इतिहास आहे. परंतु कोणाचे धैर्य इतिहासात नोंदले जाते, हे महानगर, संग्रहालय आणि कॅमेरा यांच्या सान्निध्यावर अवलंबून राहिले आहे. लुगडे नेसून रात्रभर नाचणाऱ्या दंडारीतील कलावंताने लिंगभावाची जी सीमा ओलांडली, तिचे मोलही कलेच्या इतिहासात तपासले जाणे आवश्यक आहे. झाडीपट्टीतील महाविद्यालयांच्या इतिहास व मराठी विभागांनी वृद्ध दंडार कलावंतांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून त्यांच्या संमतीने नावानिशी जतन केल्या, तर ही उणीव बऱ्याच अंशी भरून निघेल.