डेबिट कार्डाची अडकलेली रक्कम आणि ओव्हरड्राफ्टचा भुर्दंड

शिक्षणासाठी वा नोकरीसाठी अमेरिकेत गेलेल्या मराठी तरुणाला पहिल्या काही महिन्यांत तिथल्या बँकेचा एक विचित्र अनुभव येण्याची शक्यता असते. खात्यात पैसे आहेत असे समजून तो कार्डावर खरेदी करतो, दुकानदाराचे यंत्र ती मान्यही करते आणि चार दिवसांनी खात्यावर ३५ डॉलरचा दंड पडलेला दिसतो. आपल्याकडे बचत खात्यात पैसे नसतील तर कार्ड नाकारले जाते, एवढेच त्याला ठाऊक असते. खात्यात नसलेले पैसे बँक स्वतःहून देते आणि त्याबद्दल शुल्क आकारते, ही कल्पनाच त्याला नवी असते.

या प्रकाराचे मूळ डेबिट कार्डाच्या व्यवहाराच्या दोन टप्प्यांत आहे. कार्ड फिरवले की दुकानदाराची यंत्रणा ग्राहकाच्या बँकेकडे मंजुरी मागते. बँक ती देते व तेवढी रक्कम बाजूला रोखून ठेवते. मात्र पैसे दुकानदाराला प्रत्यक्ष मिळतात ते अंतिम मागणी बँकेकडे पोहोचल्यावर, म्हणजे एक ते तीन दिवसांनी. मध्ये शनिवार-रविवार आला तर आणखी उशिरा. या मधल्या काळात तो व्यवहार ‘पेंडिंग’ म्हणून दिसतो. त्यामुळे एकाच खात्याला एका वेळी दोन शिलका असतात. एक हिशेबाच्या वहीतली आणि दुसरी रोखलेली रक्कम वजा करून उरलेली, म्हणजेच उपलब्ध शिल्लक.

रोखलेली रक्कम आणि खरा खर्च सारखाच असेल, असेही नाही. उपाहारगृहात मंजुरी बिलाच्या रकमेची घेतली जाते, बक्षिसी नंतर जोडली जाते. हॉटेलवाले खोलीच्या भाड्याखेरीज अनामत म्हणून आणखी काही रक्कम अडकवतात. सर्वांत फसवा प्रकार पेट्रोल पंपाचा. ग्राहक किती इंधन भरणार हे पंपाला आधी कळत नाही, म्हणून तो एक ठोक रक्कम रोखतो. व्हिसा व मास्टरकार्ड यांनी या रकमेची मर्यादा २०२२ मध्ये १२५ डॉलरवरून १७५ डॉलर केली. चाळीस डॉलरचे पेट्रोल भरणाऱ्याचे पावणेदोनशे डॉलर काही तास, क्वचित काही दिवसही अडकू शकतात. पंपाच्या आत जाऊन रोखपालाला आधी रक्कम सांगितली, तर ही अडचण सहसा येत नाही.

आता दंड कसा लागतो ते पाहू. समजा, खात्यात ८० डॉलर आहेत. शुक्रवारी ५० डॉलरच्या जेवणाला मंजुरी मिळाली. उपलब्ध शिल्लक ३० उरली. सोमवारी पूर्वी दिलेला ६० डॉलरचा धनादेश आला. बँकेने तो वटवला आणि उपलब्ध शिल्लक अपुरी म्हणून शुल्क लावले. मंगळवारी जेवणाच्या ५० डॉलरची अंतिम मागणी आली, तेव्हा वहीत उरले होते २० डॉलर. काही बँका इथे दुसरे शुल्क लावत. जेवणाच्या वेळी खात्यात पुरेसे पैसे होते आणि बँकेनेच मंजुरी दिली होती, याला किंमत नव्हती.

याहून वादग्रस्त ठरला तो व्यवहारांच्या क्रमवारीचा प्रश्न. शंभर डॉलरच्या खात्यावर दिवसभरात १०, २० आणि ३० डॉलरच्या खरेदी झाल्या व शेवटी ९५ डॉलरचे देणे आले, तर ओळीने नोंदी केल्यास एकदाच शुल्क लागते. सर्वांत मोठी रक्कम आधी वजा केली की उरतात पाच डॉलर आणि तिन्ही छोट्या खरेदींवर तीन शुल्के बसतात. अनेक मोठ्या बँका हेच करीत. कॅलिफोर्नियातील न्यायाधीश विल्यम अल्सप यांनी ऑगस्ट २०१० मध्ये अशाच एका खटल्यात वेल्स फार्गो बँकेला २० कोटी ३० लाख डॉलर ग्राहकांना परत करण्याचा आदेश दिला. पुढच्या वर्षी बँक ऑफ अमेरिकाने अशाच दाव्यांत ४१ कोटी डॉलर देऊन तडजोड केली.

त्याच सुमारास, जुलै २०१० पासून, फेडरल रिझर्व्हचा नियम लागू झाला. कार्डावरील एकवेळच्या खरेदीवर आणि एटीएमवर ओव्हरड्राफ्ट शुल्क लावायचे तर खातेदाराची आधी संमती हवी. ही संमती केव्हाही मागे घेता येते. मग पैसे नसले तर कार्ड नुसते नाकारले जाते. धनादेश आणि दरमहा आपोआप जाणारे हप्ते मात्र या नियमाबाहेर राहिले. खाते उघडताना पुढे केलेल्या कागदांच्या गठ्ठ्यात या संमतीचा कागद असतो आणि नवखा माणूस न वाचताच सही करतो.

बोजा किती पडतो? ग्राहक वित्त संरक्षण ब्यूरोच्या २०१४ च्या पाहणीनुसार, डेबिट कार्डावरील बहुतेक शुल्के २४ डॉलर वा त्याहून कमी रकमेच्या खरेदीवर लागत आणि बहुतेक ग्राहक तीन दिवसांत तूट भरून काढत. चोवीस डॉलरच्या तीन दिवसांच्या उसनवारीला ३४ डॉलर, म्हणजे वार्षिक व्याजदर १७ हजार टक्क्यांहून अधिक. आपला खेड्यातला सावकारही इतका धीट नसावा. पुढे स्पर्धेमुळे आणि टीकेमुळे चित्र काहीसे पालटले. कॅपिटल वन आणि सिटी बँकेने हे शुल्क रद्द केले, तर बँक ऑफ अमेरिकाने २०२२ मध्ये ते ३५ वरून १० डॉलरवर आणले. मोठ्या बँकांसाठी पाच डॉलरची मर्यादा सुचवणारा डिसेंबर २०२४ चा नियम मात्र अमली येण्यापूर्वीच काँग्रेसने रद्द केला. त्यावर मे २०२५ मध्ये अध्यक्षांची सही झाली.

भारतात बचत खात्यावर असा आपोआप ओव्हरड्राफ्ट नसतो. जनधन खात्यावरील दहा हजार रुपयांपर्यंतची सवलतही पात्रता पाहूनच मिळते. किमान शिल्लक न ठेवल्याच्या दंडामुळे खाते उणे होऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल २०१५ पासून आहे. मात्र शिल्लक नसताना एटीएमने व्यवहार नाकारला, तर त्याबद्दलही अनेक बँका शुल्क घेतात. दुकानात पैसे वजा झाले पण दुकानदाराला पोहोच मिळाली नाही, अशा वेळी बँकेने पाच दिवसांत रक्कम परत जमा केली पाहिजे. त्यापुढे दररोज शंभर रुपये भरपाई देणे २०१९ च्या आदेशाने बंधनकारक आहे. त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागत नाही.