मळमळ, सुई आणि मुका जीव

शस्त्रक्रियेपूर्वीं वेदनाशमनासाठीं कुत्र्यास मॉर्फिन टोंचलें, म्हणजे थोड्याच वेळांत त्याच्या तोंडास लाळ सुटते, तो पुनःपुन्हा ओठ चाटूं लागतो आणि पुष्कळदां ओकतो. वेदना निवारणारें औषधच अशी नवी यातना देतें. पोटांत ढवळतें आहे, हें मनुष्य बोलून दाखवितो. कुत्र्यास ती सोय नाहीं. या दुखण्यावर सुईचा उपाय कसा सुचला, ही कथा मोठी उद्बोधक आहे.

पशूंवर सूचिवेध करण्याची चीनमधील परंपरा जुनी. परंतु तिचा नायक कुत्रा नव्हे, घोडा होय. मिंग राजवटींत, १६०८ च्या सुमारास, यू बेन्युआन व यू बेन्हेंग या बंधूंनीं रचलेला अश्ववैद्यकावरील ग्रंथ तिचा मोठा आधार मानला जातो. कुत्र्याची पाळी आली ती फार उशिरां. १९७१ सालीं जेम्स रेस्टन या अमेरिकन पत्रकारावर पेकिंगमध्यें आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली. नंतरची पोटांतील अस्वस्थता सुयांनीं शमल्याचें त्यानें लिहिलें, आणि पाश्चात्त्यांचें कुतूहल जागें झालें. १९७४ सालीं अमेरिकेंत पशुवैद्यांची आंतरराष्ट्रीय सूचिवेध संस्था निघाली. कुत्र्याच्या अंगावरील बहुतेक बिंदु मात्र मनुष्यदेहावरून ताडून बसविलेले आहेत.

ओकारीचें मर्म उलगडलें तें मात्र कुत्र्यामांजरांवरील प्रयोगांतूनच. १९५० च्या सुमारास न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत वँग व बोरिसन यांनीं दाखविलें कीं, मेंदूच्या तळाकडील एका चिमुकल्या भागास रक्तांतील विषाची चाहूल लागते व तेथून ओकारीचा इशारा सुटतो. मॉर्फिन याच पहारेकऱ्यास चेतवितें. औषध आणि विष यांतील भेद त्यास कळत नाहीं.

१९८६ सालीं बेलफास्ट येथील भूलतज्ज्ञ डंडी व त्यांचे सहकारी यांनीं 'नेइग्वान' हा बिंदु कसोटीस लावला. तो मनगटाच्या आंतील बाजूस, सुमारें तीन बोटें वर, दोन स्नायुबंधांच्या मधोमध असतो. तेथें सुई टोंचल्यास शस्त्रक्रियेच्या वेळची मळमळ व ओकारी कमी होते, असें त्यांस आढळलें. पुढें ती जागा बधिर केली असतां गुण नाहींसा झाला. अर्थात् हा केवळ मनाचा खेळ नसावा, असें मानण्यास आधार मिळाला. कुत्र्याच्या पुढच्या पायाच्या आंतील बाजूस याच बिंदूची जागा मानतात.

तेव्हां कुत्र्यास गुण येतो काय? २०१४ सालीं फ्लोरिडांतील संशोधकांनीं दोनशेंहून अधिक कुत्र्यांवरील तुलना प्रसिद्ध केली. मॉर्फिनची ओकारी रोखण्यांत मॅरोपिटंट हें औषध यशस्वी ठरलें. पांच बिंदूंवर सुयांतून सौम्य वीजप्रवाह सोडल्यास मळमळ व ओकारी यांवर उपयोग होण्याचा संभव दिसतो, एवढेंच त्यांनीं सुईविषयीं म्हटलें.

कुत्र्याची सुईवर श्रद्धा नसते, म्हणून त्यावरील प्रयोग निर्भेळ, असें पुष्कळांस वाटतें. पण श्रद्धा पाहणाऱ्याच्या डोळ्यांत असूं शकते. लाळ किती गळली, ओठ किती वेळां चाटले, हें शेवटीं मनुष्यच मोजतो. म्हणूनच ज्याच्या हातीं काय टोंचलें याची वार्ता नाहीं, अशानें तें मोजावें लागतें. गुणकारी औषध हाताशीं असतां तें टाळून केवळ सुईवर विसंबणें उचित नव्हे. औषधाच्या जोडीस, जाणत्या पशुवैद्याच्या हातून तिचा उपयोग करून पाहण्यास मात्र प्रत्यवाय नसावा. ज्यास तक्रार करतां येत नाहीं, त्याच्या बाबतींत आपल्या समजुतीपेक्षां पुराव्याचें ऐकणें, हीच खरी भूतदया होय.