तळ आणि स्थानक : मुंबईचा विमानतळ आणि रेल्वेची नव्वद वर्षे

आगगाडी जिथे थांबते त्या जागेला मराठीत 'स्थानक' म्हणतात आणि विमान जिथे उतरते त्या जागेला 'विमानतळ'. दोन्ही शब्द आता इतके रुळले आहेत की त्यांच्यातील अंतर आपल्या कानाला जाणवत नाही. 'तळ' या शब्दाला मात्र छावणीचा वास आहे. तळ पडतो तो फौजेचा किंवा तांड्याचा, आणि तो पडतो गावाच्या वेशीबाहेर. स्थानक गावात असते, गावाचे असते. तळ गावाजवळ असला तरी गावाचा नसतो. 'विमानतळ' हा शब्द घडवणाऱ्याच्या मनात हा भेद असेलच असे नाही. तरीही मुंबईपुरता हा शब्द दीर्घकाळ अक्षरशः खरा ठरला. ऑक्टोबर २०२४ मध्ये भुयारी मेट्रोची तिसरी मार्गिका विमानतळाखालून धावू लागली, तेव्हा या शहरात तळाचे स्थानक होण्याची प्रक्रिया सुरू झाली. तिचा इतिहास पाहिला तर असे दिसते की हा प्रश्न केवळ वाहतुकीचा नव्हता. शहर कोणत्या प्रवाशाला आपला मानते, हाही प्रश्न त्यात होता.

आरंभ रेल्वेपासूनच करावा लागतो. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावली. या उद्योगाच्या उभारणीत ज्या एतद्देशीयांचा हात होता त्यांत जगन्नाथ शंकरशेट अग्रणी होते. पुढे दहा वर्षांनी, १८६३ मध्ये, गोविंद नारायण माडगावकरांचे 'मुंबईचे वर्णन' प्रसिद्ध झाले. तोवर 'लोखंडी रस्ता' हा शहराच्या ओळखीचा भाग झाला होता. या रस्त्याचे वैशिष्ट्य असे की तो थेट शहराच्या पोटात येऊन थांबत होता. बोरीबंदर, भायखळा, ग्रँट रोड, चर्चगेट या जागा बाजार, गिरण्या आणि वस्त्या यांना लागून होत्या. गाडीत वर्ग होते, डबे वेगळे होते, अपमानही होते. पण फलाटावर यायला कोणाला वाहन लागत नव्हते. मुंबईत आलेला माणूस रेल्वेतून उतरला की तो मुंबईतच असे.

विमानाचे तसे नव्हते. १९२८ मध्ये जुहूला धावपट्टी झाली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन तिथे उतरले. त्या काळचे जुहू म्हणजे समुद्रकाठची वाळू आणि माडांच्या रांगा. शहराशी त्याचा संबंध सहलीपुरता होता. पावसाळ्यात ती जमीन विमानांना पेलत नसे, आणि पुढे विमानेही मोठी होत गेली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सांताक्रूझचा लष्करी तळ महत्त्वाचा ठरला आणि स्वातंत्र्यानंतर तोच शहराचा नागरी विमानतळ झाला. म्हणजे 'तळ' या शब्दाचा छावणीचा अर्थ इथे अलंकारिक नव्हता. मुंबईचा विमानतळ खरोखरच फौजेच्या तळातून निघालेला आहे.

याच भूमीवर त्याआधी एक आगगाडी धावून गेली होती, ही गोष्ट आज फारशी कोणाच्या स्मरणात नाही. १९२८ मध्ये, जुहूची धावपट्टी झाली त्याच वर्षी, तुर्भे ते अंधेरी असा एक लोहमार्ग कुर्ल्यावरून सुरू झाला. साष्टी-तुर्भे रेल्वे या नावाने तो ओळखला जातो. मध्य आणि पश्चिम या दोन समांतर मार्गांना आडवा जोडणारा हा धागा होता. उत्तर-दक्षिण धावणाऱ्या या शहराला पूर्व-पश्चिम जोडणीची उणीव आजही भासते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या छोट्या मार्गाचे मोल कळते. १९३४ मध्ये तो बंद पडला. कुर्ला-अंधेरी हा त्याचा तुकडा उखडला गेला आणि ती जमीन कालांतराने विमानतळाच्या विस्तारात विरली. मुंबईत विमानतळाला रेल्वे मिळण्याऐवजी विमानतळानेच रेल्वेची जागा घेतली. त्यानंतर त्या परिसरात रूळ पुन्हा येण्यास नव्वद वर्षे लागली.

या नव्वद वर्षांत अंतर मैलांचे नव्हतेच. विलेपार्ले आणि सांताक्रूझ ही स्थानके विमानतळापासून हाकेच्या अंतरावर आहेत. पण शेवटचा तो तुकडा रस्त्यानेच पार करावा लागे, आणि रस्ता ज्याचा त्याच्या ऐपतीप्रमाणे असे. गिरगावातल्या माणसाला सामानासह टॅक्सीच करावी लागे, कारण शहराच्या दक्षिण भागात रिक्षाला मज्जाव. उपनगरातला माणूस लोकलने अंधेरी गाठून तिथून रिक्षा धरी. परदेशी निघालेल्या मुलाला पोहोचवायला अवघे कुटुंब भाड्याच्या गाडीत दाटीवाटीने बसून 'सहार'ला जाई. हार, नारळ, डोळ्यांतले पाणी आणि काचेपलीकडे दिसेनाशी होणारी पाठमोरी आकृती, हे चित्र एका पिढीच्या मराठी मध्यमवर्गाला तोंडपाठ आहे. मराठी कथा-कवितेत लोकल गाडी जगण्याची जागा म्हणून येते. विमानतळ येतो तो बहुधा निरोपाची जागा म्हणून. एकात माणसे रोज भेटतात, दुसऱ्यात ती तुटतात. शहराच्या रचनेने वाङ्मयाला दिलेला हा भेद आहे.

निरोप देणाऱ्यांखेरीज आणखी एक वर्ग रोज विमानतळावर जात होता, ज्याच्याकडे कथेचेही लक्ष क्वचितच गेले. सामान चढवणारे, सफाई करणारे, पहारा देणारे, स्वयंपाकघरांत राबणारे हजारो कामगार भोवतालच्या वस्त्यांतून आणि दूरच्या उपनगरांतून पाळीप्रमाणे ये-जा करीत. सहार आणि मरोळ ही मुळात जुनी गावठाणे. धावपट्ट्यांच्या कडेने पुढे झोपडवस्त्या वाढल्या. कॅथरीन बू यांचे 'बिहाइंड द ब्युटिफुल फॉरेव्हर्स' हे २०१२ मधील पुस्तक अशाच एका वस्तीची, अन्नावाडीची, कहाणी सांगते. विमानतळाकडे जाणाऱ्या रस्त्यावरून वस्ती दिसू नये अशा बेताने उभ्या असलेल्या भिंतीवर फरश्यांची जाहिरात होती. पुस्तकाचे नाव त्या जाहिरातीवरून आले. भिंतीच्या अलीकडून जाणारा आणि पलीकडे राहणारा यांचा विमानतळ एकच होता, पण त्याकडे जाण्याची वाट एक नव्हती.

२०१४ हे वर्ष या दृष्टीने बोलके आहे. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत नवे टर्मिनल २ सुरू झाले आणि त्यासोबत पश्चिम द्रुतगती मार्गावरून थेट टर्मिनलच्या दारात नेणारा उन्नत रस्ता. जूनमध्ये वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही शहराची पहिली मेट्रो धावू लागली. तिच्या एका स्थानकाला नाव मिळाले 'एअरपोर्ट रोड'. नाव अगदी प्रामाणिक होते. तिथे विमानतळाचा रस्ता होता, विमानतळ नव्हता. उतरल्यावर पुन्हा रिक्षा शोधावी लागे. मोटारीला दारापर्यंत पूल आणि रेल्वेला रस्त्याच्या तोंडापर्यंतची वाट, असा त्या वर्षीचा हिशेब होता.

इतर शहरांनी हा प्रश्न पूर्वीच हाताळला होता. लंडनजवळच्या गॅटविकला १९३६ मध्येच टर्मिनल आणि रेल्वे स्थानक भुयाराने जोडलेले होते. हीथ्रोला पिकॅडिली ही भुयारी मार्गिका १९७७ मध्ये पोहोचली. भारतात दिल्लीने २०११ मध्ये खास विमानतळासाठी वेगळी 'एअरपोर्ट एक्स्प्रेस' उभारली. थांबे मोजके, वेग अधिक, तिकीट महाग आणि चालवणारी कंपनी खासगी. जुलै २०१२ मध्ये बांधकामातील दोषांमुळे ती बंद ठेवावी लागली, जानेवारी २०१३ मध्ये पुन्हा सुरू झाली, आणि त्याच वर्षाच्या मध्यास कंपनीने अंग काढून घेतल्यावर दिल्ली मेट्रोकडे आली. त्यातून उद्भवलेला वाद सर्वोच्च न्यायालयात २०२४ पर्यंत चालला. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. दिल्ली मेट्रोने २०१४ आणि २०१५ मध्ये तिकिटाचे दर उतरवले, तेव्हा प्रवासी वाढले. केवळ विमानाच्या प्रवाशावर पोसली जाणारी गाडी रिकामी धावते. ती शहराची झाली म्हणजे भरते.

मुंबईची तिसरी मार्गिका नेमकी या ठिकाणी निराळी आहे. कुलाब्याच्या कफ परेडपासून आरेपर्यंत साडेतेहतीस किलोमीटरचा हा मार्ग, त्यावर २७ स्थानके, त्यांपैकी २६ भुयारी. विमानतळाची दोन स्थानके या सत्तावीसांतली दोन. यादी वाचली तरी शहराचा इतिहास डोळ्यांपुढून सरकतो : विधान भवन, हुतात्मा चौक, काळबादेवी, गिरगाव, शंकरशेटांचे नाव धारण करणारे मुंबई सेंट्रल, आचार्य अत्रे चौक, सिद्धिविनायक, शितळादेवी, धारावी, विद्यानगरी, सहार रोड, मरोळ नाका. रेल्वेच्या आद्य पुरस्कर्त्याच्या नावाचे स्थानक आणि विमानतळ एकाच रुळावर यावेत, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. इथे विमानतळासाठी वेगळी गाडी नाही, वेगळे भाडे नाही. परदेशी निघालेला प्रवासी, सीप्झमधली कामगार स्त्री आणि विद्यापीठात जाणारा विद्यार्थी एकाच डब्यात उभे असतात. आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल हा टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये, तिथून आचार्य अत्रे चौकापर्यंतचा मे २०२५ मध्ये आणि कफ परेडपर्यंतचा अखेरचा टप्पा ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाला. पूर्ण मार्गाचे तिकीट त्या वेळी १० ते ७० रुपये होते. ज्या प्रवासाला टॅक्सीचे काही शे रुपये पडत, तो शंभराच्या आत आला.

हे फुकट झाले नाही. मंजुरीच्या वेळचा सुमारे २३ हजार कोटींचा अंदाज ३७ हजार कोटींपर्यंत गेला, आणि किंमत केवळ रुपयांत मोजावी लागली नाही. कारशेडसाठी आरेमधील झाडे तोडण्याविरुद्धच्या याचिका ४ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने फेटाळल्या आणि त्याच रात्री कुऱ्हाडी चालल्या. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली, तोवर २१४१ झाडे पडली होती. कारशेड कांजूरमार्गला नेण्याचा निर्णय झाला, तो न्यायालयात अडकला, आणि २०२२ मध्ये ते पुन्हा आरेत आले. आरेच्या पाड्यांवरील आदिवासींना विमानतळ गाठण्याची घाई कधीच नव्हती. दक्षिणेत गिरगाव-काळबादेवीच्या जुन्या चाळींतल्या कित्येक बिऱ्हाडांना स्थानकांसाठी घरे सोडावी लागली. साष्टीच्या लोहमार्गाचे रूळ उखडले गेले तेव्हा कोणाची दाद लागली नव्हती. या वेळी निदान वाद झाला, नोंद राहिली. इतिहासाच्या अभ्यासकाने ही नोंद उद्घाटनाच्या छायाचित्रांइतकीच जपली पाहिजे.

मुंबईच्या पाण्यानेही आपली नोंद केली. धावपट्टीच्या विस्तारात मिठी नदीचे पात्र आवळले गेले होते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेने एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला तेव्हा त्याचे परिणाम शहराने भोगले, आणि विमानतळही बंद पडला. तीच मिठी आता भुयाराच्या वरून वाहते. मे २०२५ मध्ये, आचार्य अत्रे चौक स्थानक सुरू होऊन तीन आठवडेही झाले नसताना, अवेळी आलेल्या पावसाचे पाणी त्यात शिरले आणि तिथली सेवा थांबवावी लागली. जमिनीखाली गेल्याने शहर आपल्या भूगोलातून सुटत नाही.

मग तळाचे स्थानक झाले का? पुष्कळसे झाले, पुरते नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये संपूर्ण मार्ग खुला झाला तेव्हा पहिली गाडी सकाळी ५.५५ला आणि अखेरची रात्री १०.३०ला होती. परंतु मुंबईहून परदेशी जाणारी कितीतरी विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात आणि पहाटे उतरतात. रात्रपाळीचा कामगार त्याच वेळी ये-जा करतो. विमानतळ रात्री जागा असतो आणि मेट्रो झोपते. रुळांची दुरुस्ती रात्रीच करावी लागते, हे कारण खरे आहे. पण ज्या घटकेला टॅक्सी सर्वांत महाग आणि रस्ता सर्वांत निर्मनुष्य, त्याच घटकेला स्थानकाचा पुन्हा तळ होतो, हेही तितकेच खरे.

आणखी एक गोष्ट. तिसऱ्या मार्गिकेचा शेवटचा टप्पा आणि नवी मुंबईचा विमानतळ यांचे उद्घाटन एकाच दिवशी, ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. जुन्या विमानतळाची नव्वद वर्षांची थकबाकी फिटत असताना नवा विमानतळ मेट्रोवाचूनच सुरू झाला. दोन्ही विमानतळांना जोडणारी मार्गिका नियोजनात राहिली. आधी विमान, मग रस्ता, सरतेशेवटी रूळ हा क्रम आपण पुन्हा गिरवला. ज्या आगरी-कोळी गावांच्या जमिनी तिथे गेल्या, जिथे दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली १९८४चा शेतकरी लढा झाला, तिथल्या माणसांना त्या धावपट्टीकडे जाण्याची वाट कोणती आणि किती रुपयांची, हा प्रश्न सांताक्रूझने एकदा विचारून झालेला आहे.

म्हणून अशा जोडणीचे मोल मिनिटांत मोजण्याची सवय अपुरी वाटते. कफ परेडहून टर्मिनल किती मिनिटांत येते, हे वेळापत्रक सांगेल. रात्री दोन वाजता पाळी संपवून निघालेला सफाई कामगार घरी कसा जातो, हे ते सांगत नाही. त्याच्यासाठी ज्या दिवशी गाडी उभी असेल, त्या दिवशी 'विमानतळ' या शब्दातला तळ उठला असे समजायला हरकत नाही.