‘पीकारो’ : अर्थांतराचा एक इतिहास

‘पीकारो’ या स्पॅनिश शब्दासमोर कोशांत सामान्यतः लुच्चा, लबाड, धूर्त या अर्थांचे पर्याय दिलेले असतात. आपल्याकडील वाङ्मयप्रकारांच्या चर्चेतही ‘पिकारेस्क कादंबरी’ म्हणजे लुच्च्या, भटक्या नायकाचे आत्मकथन, अशी व्याख्या सांगून तिचा आरंभ ‘लाझारिल्यो दे तोर्मेस’ (१५५४) या निनावी कृतीपासून मानला जातो. अडचण अशी की, या कृतीत ‘पीकारो’ हा शब्द एकदाही येत नाही.

शब्दाची व्युत्पत्ती विवाद्य आहे. कोणी ती ‘टोचणे, बारीक चिरणे’ या अर्थाच्या ‘पिकार’ धातूपाशी नेतात, कोणी फ्रान्समधील पिकार्दी प्रांतापाशी. या वादातून वाचकाच्या हाती फारसे काही लागत नाही. उपयोगाचा इतिहास मात्र बोलका आहे. सोळाव्या शतकाच्या मध्यास ‘स्वयंपाकघरातला पीकारो’ असा प्रयोग आढळतो. हा फाटक्या कपड्यांतला, पडेल ते काम करणारा पोरगा. म्हणजे शब्द मुळात स्वभावाचा नव्हे, सामाजिक स्थानाचा वाचक होता.

हे दोन्ही अर्थ एकत्र सांधले गेले ते मातेओ आलेमानच्या ‘गुस्मान दे आल्फाराचे’ (१५९९) या कादंबरीत. गुस्मान माद्रिदमध्ये पाटी वाहतो, पुढे एका आचाऱ्याच्या हाताखाली राहतो; इथवर तो जुन्या अर्थाने पीकारो आहे. पण तो चोर आणि ठकही आहे, आणि आपली कहाणी सांगतो तो गलबतावर वल्ही मारणारा शिक्षेचा कैदी होऊन. वाचक पुस्तकालाच ‘पीकारो’ म्हणू लागले. १६०४च्या दुसऱ्या भागात आलेमानने त्याबद्दल नाराजी नोंदवली. क्लाउदियो गियेन यांनी दाखवून दिल्याप्रमाणे, ‘गुस्मान’च्या यशामुळे ‘लाझारिल्यो’ला नवे वाचक मिळाले आणि दोन्ही कृती शेजारी ठेवल्या गेल्यावर या प्रकाराची जाणीव घडली. आरंभ असा मागाहून ठरला!

या उलट्या क्रमाची किंमत लाझारोला मोजावी लागली. उपाशी ठेवणाऱ्या पाद्र्याच्या पेटीतली भाकर तो बनावट किल्लीने काढून कुरतडतो आणि आळ उंदरांवर जातो. त्याला ‘लुच्चा’ म्हणताना आपण गुस्मानवरचा नैतिक शिक्का अर्धशतक मागे नेऊन एका भुकेल्या पोरावर मारतो, आणि पेटीला कुलूप घालणारा सहीसलामत सुटतो.

पुढे सर्व्हान्तेसच्या १६१३च्या कथासंग्रहात एक खानदानी मुलगा निव्वळ हौसेने पीकारो होऊन साहाराच्या किनाऱ्यावरील ट्यूना पकडण्याच्या तळावर रमतो. दारिद्र्यावाचून पीकारोपण, शब्दाला एव्हाना मोहकताही आलेली दिसते. आजच्या स्पॅनिशमध्ये तर मुलाला किंवा एखाद्या हसण्याला तो कौतुकाने लावता येतो.

तेव्हा मराठीत एकच प्रतिशब्द पुरणार नाही. त्या हसण्याला ‘खट्याळ’ शोभेल. गुस्मानसाठी ‘पीकारो’च ठेवावा. स्वयंपाकघरातल्या मूळ पीकारोसाठी मात्र आपल्या खाणावळींत शब्द तयारच आहे : ‘पोऱ्या’.