परीक्षानळीतून कारखान्यात : कृत्रिम निळीची सतरा वर्षे

रासायनिक क्रिया शिकवताना आपण फळ्यावर समीकरण लिहितो. डावीकडे कच्चे पदार्थ, उजवीकडे नवा पदार्थ आणि मध्ये एक बाण. बाण काढायला क्षणभर पुरतो. निळीच्या बाबतीत मात्र तो प्रयोगशाळेतून कारखान्यात न्यायला सतरा वर्षे लागली. ती का लागली, हे या लेखात पाहू.

येथे नीळ म्हणजे 'इंडिगो'. कपड्यांना देण्यासाठी दुकानात मिळणारी नीळ बहुधा निराळ्या द्रव्याची असते. निळीच्या झाडाचा पाला हौदात कुजवायचा, ते पाणी घुसळून त्यात हवा मिसळायची आणि तळाशी बसलेला साका वाळवून वड्या पाडायच्या, ही जुनी रीत. एकोणिसाव्या शतकात बंगाल-बिहारची नीळ जगभर जात असे.

जर्मन रसायनशास्त्रज्ञ आडोल्फ फॉन बेयर यांनी १८६५ मध्ये निळीचा अभ्यास सुरू केला. १८८० मध्ये त्यांनी ती प्रयोगशाळेत बनवली आणि १८८३ मध्ये तिच्या रेणूची रचना मांडली. मग अडले कुठे?

पहिली अडचण गणिताची. समजा, एखादा पदार्थ पाच पायऱ्यांनी बनतो आणि प्रत्येक पायरीचा उतारा ८० टक्के आहे. शेवटी हाती ३३ टक्केच राहतात. उतारा ५० टक्के असेल, तर उरतात जेमतेम ३. प्रयोगशाळेत चिमूटभर पदार्थ मिळाला तरी सिद्धता होते, कारखाना मात्र त्यावर चालत नाही. दुसरी अडचण कच्च्या मालाची. बेयर यांच्या एका सुटसुटीत पद्धतीला टोल्युइन लागे. ते दगडी कोळशाच्या डांबरातून मिळे आणि जगाची निळीची गरज भागेल इतके ते नव्हतेच.

१८९० मध्ये झुरिचच्या कार्ल हॉयमान यांनी दोन नवे मार्ग दाखवले. अॅनिलिनपासूनच्या मार्गात उतारा फार कमी पडे. अँथ्रानिलिक आम्लापासूनचा मार्ग चांगला होता आणि ते आम्ल नॅप्थलीनपासून करता येई. नॅप्थलीन म्हणजे आपल्या कपाटातल्या डांबरगोळ्यांचा पदार्थ. डांबरातून तो मुबलक मिळे. लुडविग्सहाफेनच्या बीएएसएफ कंपनीने हाच मार्ग धरला.

आता नॅप्थलीनचे थॅलिक अॅनहायड्राइड स्वस्तात करायचे होते. क्रोमिक आम्लाने ते होई, पण महाग पडे. सधूम गंधकाम्लात नॅप्थलीन तापवताना एकदा तापमापी फुटली, पारा मिश्रणात सांडला आणि क्रिया झपाट्याने झाली, अशी हकिकत सांगतात. पाऱ्याचे सल्फेट येथे उत्प्रेरक ठरले.

पण आम्हाला त्याहून महत्त्वाचे वाटते ते पुढचे काम. या क्रियेत सल्फर डायऑक्साइड मोठ्या प्रमाणात बाहेर पडे. तो वाया न घालवता हवेतील ऑक्सिजनशी त्याचा संयोग करून पुन्हा गंधकाम्ल बनवण्याची सोय केली गेली. म्हणजे नॅप्थलीनच्या ऑक्सिडीकरणाला लागणारा ऑक्सिजन अखेर हवेतूनच येऊ लागला! पुढच्या पायऱ्यांना क्लोरीन आणि अल्कली लागत. मिठाच्या द्रावणाच्या विद्युत-अपघटनातून ही दोन्ही मिळतात. एका पायरीतला उरलासुरला पदार्थ दुसरीच्या कामी लावणे, हीच रासायनिक प्रक्रियेची आखणी. सुमारे १ कोटी ८० लाख मार्क खर्चून १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आली. १९०१ मध्ये योहानेस फ्लेगर यांनी सोडियम अमाइड वापरून अॅनिलिनच्या मार्गाचा उतारा वाढवला आणि मागे पडलेला तो मार्गच पुढे सरस ठरला.

या स्वस्त निळीने झाडाच्या निळीचा भाव पाडला. वनस्पतीपासूनचे जगाचे उत्पादन १८९७ मध्ये सुमारे १९,००० टन होते, ते १९१४ पर्यंत सुमारे १,००० टनांवर आले. बिहारमधील चंपारणात कुळांना बिघ्यातल्या वीस कठ्ठ्यांपैकी तीन कठ्ठ्यांत नीळ लावण्याची सक्ती होती. भाव पडल्यावर खरे तर त्यांची सुटका व्हायला हवी होती. पण अनेक मळेवाल्यांनी या सुटकेची किंमत म्हणून वाढीव खंड किंवा रोख रक्कम वसूल केली. पहिल्या महायुद्धात जर्मन माल थांबला, भाव चढले आणि पुन्हा नीळ लावून घेतली जाऊ लागली. १९१७ मध्ये गांधीजी चंपारणात आले ते याच कुळांच्या गाऱ्हाण्यांसाठी. १९१८ च्या कायद्याने ही तीन कठ्ठ्यांची सक्ती संपली.

चंपारण इतिहासाच्या तासाला येते आणि नॅप्थलीन रसायनाच्या. दोन्ही विषयांच्या शिक्षकांनी एखादा तास मिळून घ्यावा, असे आम्ही सुचवतो. फळ्यावर समीकरण लिहून झाले की विद्यार्थ्यांना तीन प्रश्न विचारावेत : कच्चा माल कुठून आणि किती मिळेल? उतारा किती पडेल? जे उरेल त्याचे काय करायचे? आणि चौथा प्रश्न इतिहासाच्या शिक्षकांनी विचारावा : भाव पडला, तेव्हा तोटा कोणी सोसला?