उसाची सोयरीक

दिवाळीचा फराळ संपत आला की घरोघर वेध लागतात ते तुळशीच्या लग्नाचे. वृंदावन रंगवले जाते, चिंचा-आवळे येतात, आणि मांडव घालायला उसाची पाने असलेली लांब कांडी आणली जातात. या लग्नात ऊस केवळ मांडवाचा खांब म्हणून उभा राहतो. त्याचे स्वतःचे कूळ कोणते, त्याची सोयरीक कुठे कुठे झाली, असा प्रश्न कुणी विचारत नाही. त्या कुळाची कथा मात्र मोठी विलक्षण आहे.

पुण्याहून साताऱ्याकडे निघालेला प्रवासी नीरेचा पूल ओलांडतो आणि शिरवळला पोहोचतो. सुभानमंगळ किल्ल्याच्या लढाईमुळे, म्हणजे 1648 पासून, हे नाव शिवकालाच्या इतिहासात आले. येथून नीरा पूर्वेकडे वीर धरणाकडे वळते. याच खोऱ्यात खाली, फलटण तालुक्यात, पाडेगाव आहे. तेथे 1932 मध्ये ऊस संशोधन केंद्र सुरू झाले. नीरेचा डावा कालवा त्याआधीच, गेल्या शतकाच्या मागच्या शतकात, 1885 च्या सुमारास वाहू लागला होता. कालवा आला तसा ऊस आला. ऊस आला तशी गुऱ्हाळे आली, काहिली चढल्या, गुळाच्या ढेपा बाजारात निघाल्या.

त्या वेळचा आपल्याकडचा नावाजलेला ऊस म्हणजे पुंड्या. जाड, रसाळ, खायलाही गोड. परंतु मूळचा जाड गोड ऊस हा आपल्या मातीतला नव्हे. शास्त्रज्ञ सांगतात की, हजारो वर्षांपूर्वी न्यू गिनी बेटावरच्या लोकांनी त्याची लागवड प्रथम केली. तेथून तो बेटाबेटांवरून आशियात पसरला. हा ऊस म्हणजे नाजूक राजपुत्र: रसाने श्रीमंत, पण रोगाला हळवा.

त्याला काटक नातेवाईक मिळाला तो रानातला. शरद ऋतूत नदीकाठी पांढरे तुरे हलवणारे काश गवत आपण सर्वांनी पाहिले आहे. ते उसाचेच रानटी भावंड. रस नगण्य, पण जीव चिवट. जावा बेटात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘सेरेह’ नावाच्या रोगाने उसाची धूळधाण केली. तेव्हा तेथल्या चेरेमाई डोंगराच्या उतारावर लागवडीचा ऊस आणि रानगवत यांच्या आपोआप झालेल्या संकरातून उपजलेला ‘कासूर’ नावाचा ऊस सापडला. रोग त्याला शिवत नव्हता. त्याच्याच वंशात 1921 मध्ये ‘पीओजे 2878’ हा नामांकित वाण जन्माला आला.

इकडे कोइमतूरला 1912 मध्ये ऊस पैदास केंद्र निघाले. चार्ल्स बार्बर आणि त्यांचे सहकारी व पुढे उत्तराधिकारी झालेले टी. एस. वेंकटरामन यांनी गोड उसाचे आणि स्थानिक रानगवताचे लग्न लावले. 1918 मध्ये त्यातून ‘को 205’ निघाला. नंतर जावाची कन्या पीओजे 2878 सून म्हणून कोइमतूरला आली आणि ‘को 290’ शी तिचा विवाह होऊन ‘को 419’ जन्मला. हाच तो ऊस, ज्याने दख्खनच्या कालव्यांवरून पुंड्याला मागे सारले. आपल्या आजोबांच्या मळ्यात उभा असलेला ऊस जावाचा दौहित्र होता, हे आजोबांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

ही सोयरीक एकतर्फी राहिली नाही. दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांतात हवामानामुळे उसाला बी नीट धरत नसे. तेव्हा कोइमतूरच्या ‘को 421’ आणि ‘को 312’ यांच्या संकराचे बी तिकडे गेले. त्यातून निवडलेला ‘एनको 310’ 1945 मध्ये लागवडीस दिला गेला. पुढे तैवानमध्ये त्याने शेतेच्या शेते व्यापली. को 421 ची आईही जावाची पीओजे 2878 च. म्हणजे आपला को 419 हा या आफ्रिकन उसाचा मामाच लागतो! ज्या नाताळातील मळ्यांत एकेकाळी हिंदी गिरमिटिया मजूर राबत होते, तेथे हिंदी बियाण्याचे उसही वाढू लागले. माणसांची देवघेव सक्तीची होती, बियाण्याची मात्र उपकारक ठरली.

हे सारे वसाहतींच्या काळात, साखरेच्या व्यापाऱ्यांच्या सोयीसाठी झाले, हे विसरता येणार नाही. पण झाडाला झेंडा कळत नाही. स्वातंत्र्यानंतर पाडेगावने आपले वाण दिले: 1950 च्या दशकात ‘को 740’, पुढे 1996 मध्ये ‘को 86032’. या दुसऱ्याला आपल्याकडे ‘नीरा’ असेच नाव मिळाले. नदीचे नाव उसाला देणे यात कृतज्ञता आहे. परंतु त्या नदीने उसासाठी किती पाणी द्यावे, हाही हिशेब त्यात आला. कालव्याखालच्या जमिनी अतिपाण्याने खारावल्या, ही नीराकाठची जुनी दुखणी आहेत.

खरा प्रश्न येथेच उभा राहतो. एकाच वाणावर साऱ्यांनी विसंबावे काय? उत्तर प्रदेशात ‘को 0238’ या उसाने बहुतेक शेते व्यापली होती. काही वर्षांपूर्वी लाल कुजीने त्याला गाठले आणि शेतकऱ्यांना वाण बदलण्याची धावपळ करावी लागली. अशा वेळी उपाय सापडतो तो रानातल्या चिवट नातलगांत. म्हणूनच केरळातील कण्णूर येथे देशोदेशींच्या उसांचा आणि त्यांच्या रानटी सोयऱ्यांचा जगातील एक सर्वांत मोठा संग्रह जपला जातो.

पण हा ठेवा वाटायचा कसा? 1992 च्या रिओ परिषदेतील जैवविविधता कराराने ठरवले की, ज्या देशाचे रान त्याचा हक्क त्या देशाचा. 2002 मध्ये भारत, ब्राझील, इंडोनेशिया, मेक्सिको, दक्षिण आफ्रिका आदी बारा देश कानकून येथे एकत्र आले आणि जैवसंपत्तीने समृद्ध देशांचा गट त्यांनी बांधला. त्याच वर्षी आपल्याकडे जैवविविधता कायदा झाला, आणि 2012 मध्ये हैदराबादला या कराराची परिषद भरली. परंतु 2001 मध्ये झालेल्या पीकवाणांच्या आंतरराष्ट्रीय करारात, मुक्त देवघेवीसाठी जी पिकांची यादी केली, तिच्यात उसाचे नाव नव्हते. म्हणजे आपल्या उसाला नवे नातलग हवे असतील, तर इंडोनेशियाशी वेगळे बोलावे लागणार, आफ्रिकेशी वेगळे.

हक्क मागणे योग्यच आहे. फार लुबाडणूक झाली आहे. पण हक्काच्या भिंती एवढ्या उंच होऊ नयेत की, शेजाऱ्याच्या अंगणातली कांडी आपल्या मांडवात येऊच नये. नीरेच्या काठावर गोड झालेला ऊस हा न्यू गिनी, जावा, कोइमतूर आणि पाडेगाव यांचा मिळून आहे. आपल्या ओढ्याकाठचे काश गवत तण म्हणून जाळण्यापूर्वी एवढे आठवावे की, नातवंडांच्या ऊसमळ्याला कधी काळी त्याच्याच दारी मागणी घालायला जावे लागेल.