धान्य, उंदीर आणि गृहिणी



स्मरणिकेसाठी लेख मागविण्यात आले तेव्हा कोणी पाककृती घेतल्या, कोणी भरतकाम, कोणी संतचरित्र. मी उंदराचा विषय घेतला म्हणून पुष्कळजणी हसल्या. वर्धापनदिनाच्या शुभप्रसंगी हा कसला विषय, असे वाटणे साहजिक आहे. परंतु गणपतीच्या पायाशी आपण दरवर्षी उंदराला मानाने बसवितो, तेव्हा त्याचा थोडा इतिहास सांगितल्यास वावगे होऊ नये. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण वाचनाची आवड लहानपणापासून आहे, आणि गेले वर्षभर प्लेगच्या साथींविषयी जे जे हाती आले ते मी वाचीत आले.

त्याला कारण घडले ते असे. मागच्या पावसाळ्यात एका किराणा दुकानातून आणलेल्या शेंगदाण्यांत उंदराच्या लेंड्या निघाल्या. दाणे परत घेऊन गेले तर दुकानदार म्हणाले, “ताई, उंदीर कोणाकडे नाहीत? पाखडून घ्या, धुऊन घ्या.” दाणे बदलून मिळाले, पण ते वाक्य माझ्या मनातून जाईना. उंदीर कोणाकडे नाहीत, हे खरेच. मग आपल्या आधीच्या पिढ्यांनी त्याचे काय केले, हे पाहावे असे वाटले.

उंदीर धान्याच्या मागे येतो आणि रोग उंदराच्या मागे येतो. ही गोष्ट दोन ओळींत लिहून होते, परंतु ती कळण्यासाठी आपल्या देशाला एक कोटीहून अधिक माणसे गमवावी लागली.

मुंबईत मशीद बंदराच्या बाजूला मांडवी नावाचा भाग आहे. तेथे धान्याच्या मोठमोठ्या वखारी होत्या. जवळच्या एका भागाचे नावच दाणाबंदर. १८९४ साली हाँगकाँगमध्ये प्लेग झाला होता आणि त्याच वर्षी तेथे येरसँ नावाच्या शास्त्रज्ञाने त्या रोगाचा जंतू शोधून काढला होता. हाँगकाँगहून मुंबईस जहाजांची ये-जा असे. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीतील रोग्यांना तपासताना डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी ओळखले की हा साधा ताप नव्हे, हा गाठीचा ताप आहे. काखेत किंवा जांघेत गाठ येई, ताप चढे आणि थोड्याच दिवसांत माणूस जाई. त्या सुमारास वखारींतून उंदीर मरून पडत होते. लोकांनी ते पाहिले होते, पण त्याचा अर्थ लावणारा कोणी नव्हता. त्यावेळी मुंबईची वस्ती सव्वाआठ लाखांच्या आसपास होती. पुढच्या काही महिन्यांत त्यांतील जवळजवळ निम्मे लोक शहर सोडून गेले.

सरकार स्वस्थ बसले होते असे नाही. गटारांत समुद्राचे पाणी आणि कार्बोलिक सोडले, घरांची कौले उतरविली, अंथरुणे-पांघरुणे जाळली. रोग घाणीतून, दूषित हवेतून आणि घराच्या जमिनीतून पसरतो अशी त्यावेळची समजूत होती. म्हणून सारा भर घरे धुण्यावर आणि माणसे हलविण्यावर राहिला. एका घरातून हुसकलेला उंदीर शेजारच्या घरात जाई, आणि रोग त्याच्याबरोबर जाई.

१८९७ च्या फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा झाला. पुण्यात रँडसाहेबांच्या हाताखाली गोरे सोल्जर घरोघर शिरू लागले. चुलीपाशी, देवघरात, बाळंतिणीच्या खोलीत, कुठेही. बायकांची तपासणी चारचौघांत होई. त्या संतापाचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर झाला. चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली आणि पुढे ते फासावर गेले. टिळकांना त्याच वर्षी ‘केसरी’तील लेखनाबद्दल दीड वर्षाची शिक्षा झाली. हे आपण शाळेत शिकलो आहोत.

त्याच साथीत सावित्रीबाई फुले आपला मुलगा डॉ. यशवंत याच्या दवाखान्यात रोग्यांची सेवा करीत होत्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घालून दवाखान्यात आणले. स्वतः त्यांना प्लेगने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. आपण दरवर्षी ३ जानेवारीला त्यांची जयंती करतो. त्यांना कोणत्या रोगाने नेले हेही आपल्या मुलींना सांगावयास हवे.

हे सारे वाचताना मला एक गोष्ट सारखी टोचत राहिली. साथ पहिल्याने दिसली ती वखारींच्या मोहल्ल्यात, पण धाड पडली ती स्वयंपाकघरावर. गरिबाचे घर घाणेरडे म्हणून रोग, असे ठरले. धान्याची गोणी मात्र एका गावाहून दुसऱ्या गावाला जातच राहिली.

रोग कसा पसरतो याचा उलगडा केला तो पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने, १८९८ साली कराचीत. उंदराच्या अंगावर पिसवा असतात. प्लेगने उंदीर मेला आणि त्याचे अंग थंड पडले की पिसवा त्याला सोडतात व दुसरे ऊबदार शरीर शोधतात. दुसरा उंदीर मिळाला तर तो. नाही तर माणूस. सिमाँचे म्हणणे त्यावेळी पुष्कळांनी हसण्यावारी नेले. पुढे १९०५ पासून मुंबईस परळ येथे प्लेग संशोधन आयोगाचे काम सुरू झाले. त्यांनी प्लेगच्या घरांत गिनीपिग नावाचे प्राणी ठेवून पाहिले. जमिनीवर मोकळे सोडलेले आजारी पडत. पिसूची उडी पोहोचणार नाही इतक्या उंचीवर टांगलेले निरोगी राहत. हवा दोघांना एकच, फरक फक्त पिसूचा. तेव्हा कोठे शंका फिटली. याच काळात डॉ. हाफकिन यांनी मुंबईतच प्लेगची लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी ती त्यांनी पहिल्याने स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाने आहे.

आपल्या खानदेशातून मुंबई-भुसावळ रेल्वे जाते आणि सुरत-भुसावळ रेल्वे तर आपल्या अमळनेरवरूनच जाते. या रेल्वेने आपला कापूस बाहेर गेला आणि बाहेरचे धान्य आत आले. गोण्यांबरोबर उंदीरही प्रवास करतो, त्याला तिकीट लागत नाही. आमच्या आजेसासूबाई सांगत की त्यांच्या लहानपणी घरात ‘उंदीर पडले’ की विचार करीत बसायचे नाही. गाव मोकळे करून माळावर, शेतात झोपड्या बांधून राहायला जायचे. भांडीकुंडी, गुरे, तान्ही मुले, सारे बरोबर. महिना दोन महिने तेथेच चूल मांडायची. त्यांच्यापैकी कोणी सिमाँचे नाव ऐकलेले नव्हते. परंतु मेलेला उंदीर काय सांगतो, हे त्यांना ठाऊक होते.

धान्य सांभाळण्याचे ज्ञानही त्या बायकांपाशी होते. दादर, गहू, हरभरा कडक उन्हात वाळवायचा. कडुनिंबाचा पाला घालायचा. तुरीच्या डाळीला एरंडेलाचा हात लावायचा. कडधान्यात राख मिसळायची. या उपायांनी कीड थांबते, उंदीर मात्र थांबत नाही. कणगी शेणामातीने कितीही लिंपली तरी तो ती कुरतडतो. त्याचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, म्हणून त्याला काहीतरी कुरतडावेच लागते. त्याला खरा पायबंद घातला तो पत्र्याच्या डब्याने. आपल्या अमळनेरात १९४५ सालच्या डिसेंबरात वनस्पती तुपाची कंपनी निघाली, ती पुढे विप्रो या नावाने जगभर गेली, हे आपणा सर्वांना माहीत आहे. त्या काळी तूप संपले की रिकामा डबा घासून, उन्हात तापवून त्यात डाळ-तांदूळ भरून ठेवण्याची घरोघर रीत होती. मोठ्या उद्योगाची कथा पुष्कळांनी लिहिली. त्या रिकाम्या डब्यांनी किती धान्य वाचविले याचा हिशोब कोणी लिहिला नाही.

प्लेग आता पुस्तकातच राहिला, असे वाटत असतानाच १९९४ साल उजाडले. आदल्या वर्षी ३० सप्टेंबरला लातूर-किल्लारीचा भूकंप झाला होता. पडक्या व सोडून दिलेल्या घरांतील धान्यावर उंदीर माजले, असे त्यावेळी सांगितले गेले. १९९४ च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातील मामला या गावी उंदीर पडले, पिसवा झाल्या आणि लोकांना गाठीचा ताप आला. पाठोपाठ सप्टेंबरात सुरतेला फुप्फुसाच्या प्लेगची बातमी आली. पन्नासच्या आसपास माणसे गेली आणि लाखो लोक शहर सोडून पळाले. सुरतेत उधना, लिंबायत या भागांत आपले किती खानदेशी लोक पोटासाठी राहतात हे मी सांगावयास नको. मी त्यावेळी चौदा वर्षांची होते. सुरतेच्या गाडीने आलेली माणसे तोंडाला रुमाल बांधून उतरत, आणि त्यांचे सख्खे नातेवाईकही त्यांना ओसरीबाहेर थांबवीत. औषधाच्या दुकानांतून टेट्रासायक्लिनच्या गोळ्या संपल्या होत्या. घरच्या माणसाला दारात उभे ठेवायला लावणारा रोग कसा असतो, ते मी तेव्हा पाहिले.

पुढच्याच वर्षी एस. आर. राव हे सुरत महानगरपालिकेचे आयुक्त झाले. त्यांनी रोजचा कचरा रोज उचलण्याची शिस्त लावली आणि घाण ठेवणाऱ्या खाद्यपदार्थांच्या दुकानांना दंड केले. लहान-मोठा असा भेद केला नाही. दोन वर्षांत त्या शहराचे नाव स्वच्छ शहरांत घेतले जाऊ लागले. शंभर वर्षांत जो फरक पडला तो येथे दिसतो. पुण्यात बळजबरी घरांवर झाली. सुरतेत नियम बाजारालाही लागू झाला.

आता आपल्या दुकानांकडे वळू. आज प्लेगची भीती पूर्वीसारखी नाही. वेळीच औषध मिळाले तर तो बरा होतो. पण उंदराच्या मुतातून लेप्टोचा ताप होतो; २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत त्याने पुष्कळ बळी घेतले. उंदराने तोंड घातलेल्या अन्नातून जुलाब-उलट्यांचे विकार होतात. एक उंदीर दिवसाला वीस-पंचवीस ग्रॅम धान्य खातो, आणि खातो त्यापेक्षा अधिक नासवितो. लेंडी दिसते, म्हणून आपण ती वेचून टाकतो. मूत दिसत नाही. म्हणून “पाखडून घ्या” हे उत्तर पुरेसे नाही.

दुकानदार आपले शत्रू नव्हेत. अडीनडीला तेच उधार देतात आणि उंदराने त्यांचेही नुकसान होतेच. त्यांनी करावयाच्या गोष्टी फार खर्चाच्या नाहीत. गोण्या जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर ठेवाव्यात आणि भिंतीपासून हातभर दूर, म्हणजे मागून झाडू फिरतो. सुटा माल झाकणाच्या डब्यांत असावा. शटरखालची फट पत्र्याच्या पट्टीने बंद करावी; करंगळी जाईल एवढ्या भोकातूनही उंदराचे पिल्लू आत येते. रात्री दुकान बंद करण्यापूर्वी सांडलेले दाणे झाडून घ्यावेत. जुना माल आधी संपवावा. विषाच्या गोळ्या खाण्याच्या जिनसांजवळ कधीही ठेवू नयेत. हे केवळ माझे म्हणणे नाही. अन्नभेसळीचा कायदा १९५४ साली झाला, त्याच्या जागी २००६ चा अन्नसुरक्षा कायदा आला आणि ५ ऑगस्ट २०११ पासून तो लागू झाला. त्याप्रमाणे लहान दुकानालाही नोंदणी घ्यावी लागते, स्वच्छता ठेवावी लागते, आणि चौदा आकडी क्रमांकाचा तो दाखला गिऱ्हाइकाला दिसेल असा लावावा लागतो. दुकानात गेल्यावर तो पाहण्यास कोणाची परवानगी लागत नाही.

परंतु खरी अडचण निराळीच आहे. जिच्या हातात रोख पैसे आहेत ती बाई गोणीत हात घालून माल पाहते, नको असेल तर पुढच्या दुकानात जाते. जिचे खाते चालू आहे, मागचे दोनशे रुपये द्यायचे राहिले आहेत, ती काय बोलणार? गोणीचा तळ, फुटकी डाळ, कुरतडलेल्या पुड्याचा रवा तिच्याच पिशवीत जातो, आणि तिच्याच मुलांच्या पोटात जातो. आमच्या गल्लीतील एक बाई मला म्हणाली, “बोलले तर उद्या उधार कोण देईल?” १८९७ साली सोल्जरपुढे गरीब बाई गप्प उभी राहिली, आज ती खातेवहीपुढे गप्प उभी आहे.

हे काम एकटीचे नाही, मंडळाचे आहे. आपल्या गावात साने गुरुजी प्रताप हायस्कुलात शिक्षक असताना छात्रालयातील मुलांच्या खोल्या स्वतः झाडीत. मुले ओशाळत आणि आपोआप स्वच्छ राहू लागत. रागावण्यापेक्षा ती रीत बरी. दिवाळीचा बाजार भरण्यापूर्वी आपण पाच-सहाजणींनी मिळून गल्लीतील दुकानांत जावे. भांडावयाचे नाही. “दादा, गोण्या फळ्यांवर घ्या, झाकणे लावा, आम्ही सगळ्या तुमच्याकडूनच माल घेऊ,” एवढे सांगावे. ज्या दुकानदाराने ऐकले त्याचे नाव मंडळाच्या फळ्यावर कौतुकाने लिहावे. आणि कोणी वारंवार सांगूनही ऐकले नाही, तर अन्न व औषध प्रशासनाकडे अर्ज करावा. त्या अर्जावर सह्या करताना पहिल्या सह्या रोख पैसे देणाऱ्या बायकांनी कराव्यात. उधारीवाल्या बहिणीची सही नसली तरी चालेल. डाळ मात्र तिच्या घरीही स्वच्छच गेली पाहिजे.